उभ्या घरांची अक्षरं

२१ जुलै, गुरुपौर्णिमा

आज सकाळी लिंगपूजा आटोपली, इष्टलिंग गळ्यात परत घातलं आणि कपाळावरचं भस्म वाळायच्या आत मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. सिद्धम्मा चुलीपाशी भाकरी थापत होती. म्हणाली, "लग्नातली भांडी काढताय का काय?"

मी म्हणालो, "ग्राफ काढतोय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पुढं काही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं हे न विचारणं मला अजून पुरतं कळलेलं नाही.

ही वही कधी कुणाच्या हाती पडली तर समजावं म्हणून थोडं लिहून ठेवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या कारखान्यात टॉवेल आणि चादरी होतात. त्यांच्यावर नावं विणतात. पतसंस्थेचं, मंगल कार्यालयाचं, नाहीतर नुसतं 'सप्रेम भेट'. ती अक्षरं आधी चौकटींच्या कागदावर काढायची. त्या कागदाला आम्ही ग्राफ म्हणतो आणि त्यातल्या एकेका चौकटीला घर. एक घर भरलं की मागावर एक धागा उचलला जातो. ग्राफ बघून मशीनवर पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डांची माळ मागावर चढवायची. विशीत मी या डिझाइनच्या खोलीत लागलो. अक्षरं नबीसाब उस्तादांनी वळवलेली होती. मला त्यांनीच शिकवली. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावच्या शाळेत गुरुजी माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायचे. त्याच हाताला उस्तादांनी पोटाला लावलं.

आता नक्षी बाहेरून तयार येते. आमच्या खोलीत रिकामे खोके रचलेत, आणि मी तपासणीला बसतो. टॉवेलाची किनार बघायची, सुटलेला धागा कापायचा. खोली रिकामी केली तेव्हा मालक म्हणाले, काय पाहिजे ते घेऊन जा. मी हा ग्राफचा गठ्ठा आणला.

गेल्या महिन्यात लेबलं छापायला अभिमन्यूच्या दुकानात गेलो होतो. तो वेळापूरकडचा, इथं फ्लेक्स आणि पत्रिका छापतो. म्हणाला, "काका, बोर्डाला मराठी अक्षरं हाईत किती? तीच तीच चार. साऱ्या सोलापुरातल्या पत्रिका एका बापाच्या वाटत्यात." मी सहज खिशातला एक जुना ग्राफ दाखवला. तो बघतच राहिला. ही अक्षरं कॉम्प्युटरात घालता येतील, मग कुणीही ती वापरून टाइप करील, ते मला शिकवायचं काम त्याच्याकडं लागलं, असं म्हणाला.

तेव्हापासून मनात तेच आहे. पण एक अडचण आहे. मी शब्द दिलेला आहे.

पहिल्या वर्षी खंडेनवमीला कार्डाच्या मशीनची पूजा झाल्यावर उस्तादांनी मला त्यावर हात ठेवायला लावला होता. ग्राफ खोलीबाहेर जाणार नाही, असं म्हणवून घेतलं. तेव्हा दुसरे कारखानदार नक्षी चोरायचे. मी म्हणालो, देवाची शपथ घेतो. ते म्हणाले, "तुझा देव येगळा, माझा येगळा. हे मशीन दोघांचं हाय. ह्याच्यावर ठेव हात."

म्हणून संध्याकाळी नई जिंदगी वस्तीत त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी अगदी समोर उभा राहिलो तरी त्यांनी विचारलं, "कोन?"

"मी ईरप्पा, उस्ताद."

"आवाजावरनं वळखलं की. आज कसा उगवलास?"

मी सगळं सांगितलं. ते दाढी कुरवाळू लागले.

"म्हंजे कोन बी वापरंल."

"व्हय. कुणीही, फुकट."

"फुकट कायकू?"

"विकायला ती माझी एकट्याची कुठं आहेत?"

यावर ते किंचित हसले. मग म्हणाले, "आधी दाखव. बघतो, मंग सांगतो. तवर तुझा शब्द तुझ्यापाशी."

त्यांच्या बायकोनं, मदिनाखालांनी, चहा आणला. उस्तादांचा हात हातात घेऊन कप त्यात ठेवला आणि त्यांची बोटं कपाभोवती वळवली. म्हातारपणी माणसांची माया वाढते, ते बघून बरं वाटलं.

२८ जुलै

सुट्टीचा दिवस पूर्ण अभिमन्यूच्या दुकानात गेला. काम अवघड नाही, चिकट आहे. पडद्यावर बारीक चौकोनांची जाळी येते. ग्राफातलं एक घर म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन. मोजायचं आणि भरायचं. मी पहिला 'म' भरला. भरून झाल्यावर नमस्कार केला तर अभिमन्यू म्हणाला, "काका, तुमचं हे असं आधी पूजा, मग अक्षर, मग परत पूजा. माझं गिऱ्हाईक तवर दुसऱ्या दुकानात जाऊन परत येतंय."

"मग तुझं काही गेलं नाही की," मी म्हणालो.

दुकानात काम करणं म्हणजे शब्द मोडणं का? मी स्वतःला सांगितलं, की बघायला दाखवायचं तर तयार करावंच लागेल. हे पुरेसं उत्तर आहे की नाही, माहीत नाही.

५ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

उपवास. पहाटे सिद्धेश्वराला जाऊन आलो. तळ्यावर धुकट उजेड होता. घरी पूजेला बसलो तेवढ्यात वीज गेली. लिंग तळहातावर होतंच. अंधारात दिसत नव्हतं, तरी त्याचा गारवा आणि गोलपणा तळव्याला कळत होता. पूजेत काही कमी पडलं असं वाटलं नाही.

अक्षरं निम्म्याच्या वर झाली. एकेक अक्षर पडद्यावर बरं दिसतं. तीन-चार शेजारी लावली की काहीतरी खटकतं. पोटभर जेवून पाटावरच बसून राहिलेल्या माणसांसारखी वाटतात. अभिमन्यू म्हणतो, "तीच तर ष्टाइल हाय काका." त्याला विचारण्यात अर्थ नाही. उस्ताद बघतील तेव्हा सांगतीलच.

११ ऑगस्ट

आज पहिली छापील पानं घेऊन उस्तादांकडे गेलो. मोठ्ठाली अक्षरं, पांढऱ्यावर काळी. त्यांनी पान दाराकडं धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

"उजेड कमी हाय," म्हणाले.

बाहेर दुपारचं ऊन होतं. मी म्हटलं, अंगणात बसू या. ते म्हणाले, "नक्को, ठिवून जा. असं घाईत बघायचं काम न्हाई हे." मी पानं गुंडाळून, रबर लावून ठेवली.

खाला मध्येच म्हणाल्या, "बघतील बेटा सावकाश. चा घेऊन जा."

तीन घोट चहासाठी त्यांनी मला इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात बोलण्यात का गुंतवलं कोण जाणे. भिवंडीला असलेल्या अझरुद्दीनचं, त्यांच्या मुलाचं, पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. त्याला घर मिळत नाही, तो ईदला आला नाही.

१८ ऑगस्ट

"बघितलं का उस्ताद?"

"बघितलं. बरं हाय."

"काही चुकलं असंल तर सांगा. मला जरा बसकं वाटतंय."

"चुकायला तुझा हात काय नवा हाय का?"

"मग देऊ का लोकांना?"

"कायकू घाई करतोस? अजून बघू दे."

एवढंच. पूर्वी एक घर जास्त भरलं तर ग्राफ टराटरा फाडणारा माणूस. मी टाकून बोलणी खायला तयार होऊन गेलो होतो. त्यांचं हे गोड बोलणं मला शिव्यांपेक्षा जड गेलं. माझ्या विचारण्याचाच त्यांना राग आलाय. तोंडानं नाही म्हणवत नाही म्हणून टोलवताहेत. इतकं मात्र झालं, की बसकेपणाची शंका मनातून गेली. काही खोट असती तर उस्तादांच्या नजरेतून सुटली नसती.

२४ ऑगस्ट

मूळ ग्राफात काही अक्षरं नाहीतच. गिऱ्हाइकानं मागितलं तेवढंच आम्ही काढलं. 'ळ' आहे, कारण मंगळवेढ्याच्या पतसंस्थेचे टॉवेल व्हायचे. 'झ' नाही. झ असलेलं नाव कुणी विणून घेतलं नसावं. अशी अक्षरं आता मलाच काढावी लागणार.

आज पडद्यावरच 'झ' काढायला बसलो. पोट उस्तादांच्या 'इ'वरून घ्यायचं ठरवलं, तरी जमेना. त्यांच्या वळणात नवं अक्षर काढताना आपण त्यांच्या जागेवर जाऊन बसलो असं वाटतं. खुर्ची रिकामी नसताना.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

कामावरून येताना चौकात मंडळाच्या कमानीवर माझी अक्षरं दिसली.

सायकलवरून उतरलो. सबंध कमानभर 'सर्व गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत', आणि प्रत्येक अक्षर कुणीतरी डोक्यावर पाय देऊन दाबल्यासारखं. 'भ'चं पोट फुगलेलं. 'ग' दोन्ही पाय फाकून उभा. वरची रेष मारवाड्याच्या ओट्यासारखी लांबच लांब. पोरं खाली उभी राहून फोटो काढत होती. कुणाला काही वाटत नव्हतं. मला मात्र आपल्या घरचं माणूस चौकात नको त्या अवस्थेत बघावं तसं झालं.

शब्द मोडला गेला, आणि तोही असा.

८ सप्टेंबर

सकाळी पूजेत लक्ष लागलं नाही. तसाच अभिमन्यूकडं गेलो. मी रागावून बोलत नाही, तरी त्यानं माझ्या तोंडाकडं बघूनच खुर्ची सरकवली.

"काका, सणाची गर्दी होती. मंडळाची पोरं रात्रीपासनं बसली होती, कायतरी नवं द्या म्हणून. तुमचंच उघडं होतं पडद्यावर. चुकलं माझं."

"मी शब्द दिलाय हे तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं." मग मान खाली घालून म्हणाला, "पण लोकांना आवडलं की. दोघांनी विचारलं, कुटली अक्षरं म्हणून."

मी पिशवीतून मूळ ग्राफ काढला आणि पडद्याशेजारी धरला. कागदावरचा 'भ' सडपातळ, ताठ. पडद्यावरचा बुटका. घरं मोजली, दोन्हीकडं तितकीच. पुन्हा मोजली. मग अभिमन्यूची पट्टी घेऊन ग्राफातलं एक घर मापलं, आणि खुर्चीत बसलो.

आमच्या कागदाचं घर चौकोनी नसतं. उभट असतं. चादरीत उभा ताणा दाट आणि आडवा बाणा विरळ, म्हणून कागदच तसा आखलेला यायचा, कापडावर अक्षर कागदासारखंच उतरावं म्हणून. जन्मभर मी त्या उभ्या घरांत राहिलो आणि ती उभी आहेत हेच विसरलो. पडद्यावरच्या चौकोनात तीच घरं भरत गेलो, आणि सगळी अक्षरं खाली बसली.

अभिमन्यूला आधी हसू आलं. मग माझ्याकडं बघून त्यानं ते गिळलं. म्हणाला, "काका, हे एका आकड्याचं काम हाय. चौकोन ताणला की झालं." त्यानं आकडा बदलला. सगळी अक्षरं एकदम उठून उभी राहिली. राष्ट्रगीताला वर्ग उठतो तशी.

मी पडद्यावरच काढलेली नवी अक्षरं मात्र आता लांबुडकी झाली. 'झ' तर बगळ्यासारखा. ती परत कागदावर, पेन्सिलीनं काढावी लागतील.

हे सगळं झालं, पण एक प्रश्न राहिलाच. बरं हाय म्हणण्याआधी उस्तादांनी ती पानं आठवडाभर जवळ ठेवली होती. त्यांना हे एका नजरेत कळायला हवं होतं. ते का बोलले नाहीत?

१२ सप्टेंबर

दुसरं कारण सापडत नाही. मी खोलीतली वस्तू बाहेर काढायला निघालो, म्हणून त्यांनी मला चुकू दिलं. गुरूनं असं करावं का? करावं, शिष्यानं मर्यादा सोडली तर. पण मी विचारायला गेलो होतो. चोरी केली नव्हती.

गठ्ठा परत पेटीत ठेवला. सिद्धम्मानं बघितलं.

१६ सप्टेंबर

आज ईद-ए-मिलाद. सिद्धम्मा म्हणाली, मदिनाखालांना भेटून खूप दिवस झाले, मी पण येते. कमानीचं सांगायचं होतंच, म्हणून गेलो.

उस्ताद नवा कुडता घालून बसले होते. मी सगळं सांगितलं. कमान, अभिमन्यू, उभी घरं. माझा शब्द माझ्या हातून मोडला नाही, पण माझ्यामुळं मोडला, हेही.

ते म्हणाले, "वाचलं का लोकांनी?"

"वाचलं की."

"मंग अक्षराचं काम झालं."

मला राहवलं नाही. "उस्ताद, ती पानं तुम्ही बघितली होती. हे तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

आतमध्ये भांड्याचा आवाज होत होता तो थांबला. उस्ताद माझ्याकडं नाही, माझ्या थोडं बाजूला बघत होते.

"न्हाई दिसलं," म्हणाले.

एवढ्या अनुभवाच्या माणसानं असं म्हणावं, हे मला कसं पटावं? मला टाळलं, दुसरं काय. शिरखुर्म्याची वाटी तशीच खाली ठेवली.

परत रिक्षानं निघालो. घर जवळ आल्यावर सिद्धम्मा म्हणाली, "कागद नका नेत जाऊ आता त्यांच्याकडं. कापड न्या."

"म्हणजे?"

"टॉवेल विणून न्या की अक्षरांचा. फुगीर अक्षरं येतात तसला."

"एका टॉवेलासाठी केवढा खटाटोप होतो, माहीत आहे का तुला?"

"माणूस ज्यात राबला, त्याला त्यातच दाखवावं," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला वळण सांगू लागली.

मला वाटलं, राग काढण्याची ही बायकी रीत असेल. तरी विचार सोडवत नाही.

२२ सप्टेंबर

चन्नप्पाकडं गेलो. आमच्याच कारखान्यात माग चालवायचा. आता शेडमध्ये स्वतःचे दोन जुने माग आहेत. खोली मोडली तेव्हा कार्डाचं मशीन मालकांनी त्यालाच दिलं होतं. कोपऱ्यात गोणपाट टाकून ठेवलेलं. गोणपाट काढला, तेल घातलं, दांडा दाबला. तोच आवाज.

चन्नप्पा म्हणाला, "यप्पा, एका टॉवेलाला एवढी कार्डं? लग्न कुणाचं हाय?"

"कुणाचंच नाही."

"मग पतसंस्थेत निवडून आलास का?"

"नाही."

"मग येडाच झालास तू." असं म्हणून त्यानं चालू मागावरचं काम उरकायला घेतलं, माझ्यासाठी माग मोकळा करायला. मी धाग्याचं विचारलं तर म्हणाला, "धागा माझा. येडेपणा तुझा. हिशोब मिटला."

काय विणावं हे ठरत नव्हतं. सिद्धम्माला विचारलं. ती म्हणाली, "त्यांच्या घरातलीच नावं घाला. दुसऱ्याच्या नावाचं लई विणलं त्यांनी." म्हणून नबीसाब, मदिनाबी, अझरुद्दीन.

अझरुद्दीन म्हटल्यावर 'झ' आलाच.

२९ सप्टेंबर

आठवडाभर कामावरून आल्यावर 'झ' काढतोय. कागदावर, उभ्या घरांत. आज जमला. उस्तादांच्या 'इ'वरून काही घेतलं नाही. घ्यायचं सोडलं तेव्हा जमला. गाठीखालचं वळण कुठून आलं ते मला सांगता येणार नाही. भाकरी परतताना सिद्धम्माचं मनगट वळतं, तसं काहीसं आहे. हे तिला सांगितलं नाही.

६ ऑक्टोबर

आज टॉवेल घेऊन गेलो. सिद्धम्मा पण होती.

पांढऱ्यावर निळी, फुगीर अक्षरं. घडी न घालता उस्तादांच्या मांडीवर पसरला. त्यांनी मान खाली घातली नाही. तोंड समोर, दाराकडं. दोन्ही हात टॉवेलावर आले आणि कडेपासून सरकत आत गेले. बोटं पहिल्या अक्षराला लागली तशी थांबली.

"न," म्हणाले. मग हळूहळू, "बी. सा. ब." मग हसले. "अगे मदिना, हितं ये. मला टॉवेलात घातलं ईरप्पानं."

खाला हात पुसत आल्या. उस्तादांची बोटं पुढं गेली. "हे बघ, तू पण हाईस."

"या अल्ला," खाला म्हणाल्या, "म्हंजे आता लोक माझ्या नावानं तोंड पुसणार व्हय?"

"पुसू देत की. मी इतकी वर्सं पुसलंच."

सगळे हसलो. मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो. तळव्यानं नाही, पेरांनी बघत होते. घर न् घर. आणि डोळे तसेच दाराकडं, न हलणारे. मला पहाटेचा तो सोमवार आठवला, वीज गेली होती तो. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कपाट अर्धं उघडं होतं. मी दिलेली पानं वरच्या फळीवर होती. गुंडाळी तीच, रबर तेच, मी घातलेला दुहेरी पीळ तसाच.

बसल्या जागी मला फार लाज वाटली. किती वेळा त्या माणसाला मी विचारलं, बघितलं का, बघितलं का.

उस्ताद तिसऱ्या नावावर आले होते. "अ," म्हणाले, आणि पुढच्या अक्षरावर थांबले. परत मागं आले, परत पुढं गेले. बराच वेळ.

"हे माझं न्हाई."

"नाही उस्ताद. तुमच्यात झ नव्हता."

"मंग कुनाचं?"

"मी काढलाय."

बोट शेपटावरून खाली उतरलं, परत वर आलं. विसाव्या वर्षी बघायचो तसा मी त्यांच्या हाताकडं बघत राहिलो. आता फाडतील.

"शेपूट लई खाली सोडलंस. दोन घरं वर घे."

"घेतो."

"वळण बरं हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "पोराचं नाव कदी विणलं न्हाई मी. धागा मालकाचा, येळ मालकाचा. आज बघतोय."

ते 'बघतोय' म्हणाले. खालांनी माझ्याकडं बघितलं आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या. सिद्धम्मा त्यांच्या मागोमाग गेली.

मग मी विचारलं. शब्दाचं.

"कशावर हात ठेवला होतास?" ते म्हणाले.

"कार्डाच्या मशीनवर."

"काय म्हणाला होतास?"

"ग्राफ खोलीबाहेर जाणार नाही."

"आता ती खोली कुटं हाय रे? खोकी भरलीत तितं." टॉवेल त्यांनी घडी करून छातीशी धरला. "पण शब्द तसाच वाऱ्यावर सोडू नको. नवमी आली. जितं ठेवला तितंच हात ठेव, आणि सोड."

"नाव तुमचं घालणार आहे. नबीसाब उस्तादांची अक्षरं म्हणून."

"दोघांचं घाल," ते म्हणाले. "झ बिघडला तर लोक मला शिव्या देतील."

परत येताना मी सिद्धम्माला म्हणालो, "उस्तादांना दिसत नाही गं."

ती "हूं" म्हणाली. तिला नवल वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

८ ऑक्टोबर

'झ'चं शेपूट दोन घरं वर घेतलं. उस्तादांचं बरोबर होतं.

अभिमन्यूनं समजावून सांगितलं, की अक्षरं खुली सोडताना सोबत परवाना लिहायचा असतो. कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी. फक्त आपली म्हणून विकू नयेत. मी दोनदा वाचून घेतलं. आमच्या मठात दासोहाची पंगत असते, कुणीही यावं, पोटभर जेवावं, पण भांडं उचलून नेऊ नये. तसंच आहे हे.

या अक्षरांचं नाव काय ठेवायचं यावर अभिमन्यूशी थोडं झालं. त्याला 'सोलापूर किंग' पाहिजे होतं. मी 'उभं घर' म्हणालो. तो म्हणाला, "काका, लोकांना वाटंल प्लॉट विकताय." तरी तेच ठेवलं.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज सकाळी चन्नप्पाच्या शेडमध्ये मागांची पूजा झाली. माग धुवून पुसून, झेंडूच्या माळा, आपटा उद्याचा म्हणून बाजूला. कार्डाच्या मशीनला मीच भस्म लावलं आणि फूल वाहिलं. उस्तादांना खाला रिक्षानं घेऊन आल्या होत्या. खांद्यावर तोच टॉवेल होता. चन्नप्पानं त्यांना कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि नारळाचा तुकडा हातात दिला. म्हणाला, "उस्ताद, तुमच्या पोरानं माझा एक दिवस खाल्ला."

"पोरगं माझंच हाय ते," उस्ताद म्हणाले. "माझ्याकडनं वळतं करून घे."

अभिमन्यूनं लॅपटॉप दुसऱ्या गठ्ठ्यावर मांडला. सगळं इंटरनेटवर चढवून झालं होतं. फक्त एक बटण राहिलं होतं. तो म्हणाला, "काका, दाबा."

मी उजवा हात मशीनच्या दांड्यावर ठेवला. लोखंड गार होतं, तेलाचा वास येत होता. उस्तादांना आवाजावरून कळलं असावं. ते उठून चाचपडत आले. मी त्यांचा हात धरला नाही. त्यांनी स्वतःच दांडा शोधला आणि माझ्या हातावर हात ठेवला.

मी मनातल्या मनात जुना शब्द एकदा पूर्ण म्हटला. मग डाव्या हातानं बटण दाबलं.

"झालं?" उस्तादांनी विचारलं.

"झालं."